पिटकेर्न बेटावर क्रूझने जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण प्रशांत महासागरातल्या पिटकेर्न बेटाच्या दिशेने आम्ही नवरा-बायको दोनदा गेलो. पहिल्या खेपेला बेटावर पाऊल टाकता आलं नाही, दुसऱ्या खेपेला साधारण पाच तास मिळाले. तेव्हापासून नातेवाईक, ओळखीचे आणि त्यांच्याही ओळखीचे जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

हे बेट नेमकं आहे कुठे?

नकाशात न्यूझीलंड आणि दक्षिण अमेरिका यांच्या मधल्या निळ्या पट्ट्यात शोधा. मकरवृत्ताच्या थोडं दक्षिणेला, २५ अंश दक्षिण अक्षांशावर एक ठिपका दिसेल. क्षेत्रफळ पाच चौरस किलोमीटरहूनही कमी. ताहिती इथून दोन हजार किलोमीटरहून लांब, न्यूझीलंड तर पाच हजारांहून लांब. वस्ती असलेलं सगळ्यात जवळचं ठिकाण म्हणजे फ्रेंच पॉलिनेशियातलं मांगारेवा, तेही पाचशे किलोमीटरच्या पलीकडे. राज्य ब्रिटनचं. वस्ती एकच, ॲडम्सटाउन, आणि लोक पन्नासाच्या आतबाहेर. आपल्याकडच्या एखाद्या वाडीतही याहून जास्त माणसं असतात.

विमानाने जाता येत नाही का?

नाही. बेटावर धावपट्टी नाही आणि ती बांधता येईल एवढी सपाट जागाही नाही. मांगारेवापर्यंत ताहितीहून विमान जातं. तिथून पुढे बेटाचं मालवाहू-प्रवासी जहाज दीड-दोन दिवसांत पोचवतं. पण त्या जहाजात जागा मोजक्याच, आणि त्याने गेलात की परतीची फेरी येईपर्यंत तिथेच राहावं लागतं. काही तासांची भेट हवी असेल तर क्रूझला पर्याय नाही.

क्रूझ कुठून निघतात? भारतातून तिथवर कसं पोचायचं?

बहुतेक जहाजं दोनपैकी एका टोकाहून निघतात: फ्रेंच पॉलिनेशियाची राजधानी, ताहिती बेटावरचं पापेएते किंवा चिलीचा किनारा. चिलीकडून येणारी जहाजं वाटेत रापा नुई, म्हणजे ईस्टर आयलंड, घेतात. रापा नुई ते पिटकेर्न सुमारे दोन हजार किलोमीटरचं पाणी आहे आणि दोन-तीन दिवस क्षितिजावर काहीही दिसत नाही.

मुंबईहून ताहितीला थेट विमान नाही. आम्ही एकदा ऑकलंडमार्गे गेलो. ऑकलंडहून पापेएते साधारण पाच तास, पण मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जाते, त्यामुळे निघाल्याच्या आदल्या तारखेला आपण पोचतो. हॉटेलचं आरक्षण करताना आमचा एक दिवस याच हिशेबात चुकला होता. तिकिटावरची तारीख आणि हॉटेलची तारीख शेजारी शेजारी ठेवून तपासा.

व्हिसाचं काय?

पिटकेर्नवर चौदा दिवसांपेक्षा कमी राहणाऱ्या पाहुण्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही. कटकट असते ती वाटेतल्या देशांची. फ्रेंच पॉलिनेशिया फ्रान्सच्या अखत्यारीत असलं तरी शेंगेन क्षेत्रात येत नाही. पॅरिससाठी काढलेला साधा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालेल असं धरून बसू नका, अर्जातच तसा स्पष्ट उल्लेख करून घ्या. अमेरिका किंवा न्यूझीलंडमार्गे जाणार असाल तर नुसतं विमान बदलण्यासाठीही त्यांचे नियम लागू होतात. रापा नुईसाठी चिलीचे नियम वेगळे. ही कागदपत्रं तिकीट काढण्याआधी बघा.

बेटावर उतरता येईल याची खात्री आहे का?

नाही. या पानावरचं हे एकच उत्तर वाचलंत तरी चालेल.

पिटकेर्नला मोठं जहाज लागेल असं बंदर नाही. बेट म्हणजे समुद्रातून सरळ वर आलेला ज्वालामुखीचा कडा. ईशान्येला बाउंटी बे नावाची छोटी खाच आहे, तिथे एक आखूड धक्का. वायव्येला टेडसाइडला अलीकडच्या काळात दुसरा धक्का बांधला आहे, म्हणजे एका बाजूला समुद्र खवळलेला असेल तर दुसऱ्या बाजूने प्रयत्न करता येतो. जहाज खोल पाण्यात थांबतं आणि माणसांना छोट्या होडीतून ने-आण करावी लागते. वारा कमी असला, ऊन पडलं असलं, तरी शेकडो किलोमीटर लांबच्या वादळाची लांब, संथ लाट येऊन धक्क्यावर आपटत असते. अशा वेळी कॅप्टन नाही म्हणतो, आणि त्याचं ऐकायचं असतं.

आमची पहिली खेप अशीच गेली. सकाळी सहाला डेकवर आलो तेव्हा बेट समोर होतं, हिरवंगार, वरच्या घरांची छपरंसुद्धा दिसत होती. आठ वाजता घोषणा झाली की उतरणं होणार नाही. माझ्या शेजारच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्याही.

तिकीट घेण्याआधी कंपनीच्या पत्रकात नेमका कोणता शब्द आहे ते बघा. 'सीनिक क्रूझिंग' लिहिलं असेल तर जहाज बेटाला फक्त फेरी मारणार आहे, उतरण्याचा बेतच नाही. हजार-दोन हजार प्रवाशांची जहाजं बहुधा एवढंच करतात. शे-दोनशे प्रवाशांच्या, रबरी होड्या बाळगणाऱ्या एक्स्पिडिशन जहाजांत उतरण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते. पैसेही पुष्कळ जास्त लागतात. मी आधी दोन-तीन वर्षं पैसे साठवून छोट्याच जहाजाने जावं, असं सांगेन.

उतरताना प्रत्यक्षात काय करावं लागतं? गुडघे दुखतात, जमेल का?

मुरूडहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला गेला असाल तर कल्पना येईल. होडी दरवाज्याशी लागते, वर-खाली होते, आणि ती वर आली की त्या क्षणी पायरीवर पाय टाकायचा. इथेही तेच, फक्त लाट मोठी आणि दोनदा: एकदा जहाजातून होडीत, एकदा होडीतून धक्क्यावर. जुन्या आगबोटींच्या काळात कोकणातल्या बंदरांवर माणसं आगबोटीतून पडावात उतरायची. माझी आजी त्याचं जे वर्णन करायची, ते मला बाउंटी बेमध्ये शब्दशः आठवलं.

बेटकऱ्यांच्या लाँगबोटी पूर्वी लाकडी आणि वल्ह्यांच्या होत्या, आता ॲल्युमिनियमच्या आणि इंजिनाच्या आहेत. सुकाणूवरचा माणूस खाचेच्या तोंडाशी होडी थांबवून लाटा मोजत राहतो. मनासारखी लाट आली की तिच्या पाठीवरून थेट आत. आपले कोळी तांडेल अशाच नजरेने पाण्याकडे बघतात.

दोन्ही हात मोकळे ठेवा. खलाशी तुमचा दंड धरतो, तुम्ही त्याचा दंड धरायचा, पंजा धरायचा नाही. धक्क्यावरून गावात जायला जी चढण आहे तिचं नावच 'हिल ऑफ डिफिकल्टी'. बेटकरी चारचाकी क्वाड बाइकवर मागे बसवून वर नेतात, त्यामुळे चढणीची काळजी नको. होडीत उतरताना मात्र तुमचे गुडघे तुमचेच. माझ्या नवऱ्याने गुडघ्याला पट्टा बांधून जमवलं. ज्यांना आधाराशिवाय जिना उतरता येत नाही त्यांनी जहाजावर थांबावं.

उतरता आलं नाही तर सगळा खर्च वाया जातो का?

मलाही पहिल्या खेपेला आठ वाजता तसंच वाटलं होतं. साडेनऊला बेटच आमच्याकडे आलं.

समुद्र फारच खवळलेला नसेल तर बेटकरी स्वतःच्या होडीने जहाजाशी येतात आणि दोरखंडाच्या शिडीवरून वर चढतात. पाठोपाठ खोकी, पोती, टोपल्या वर ओढल्या जातात. त्या सकाळी निम्म्याहून जास्त बेट आमच्या जहाजावर होतं. तासाभरात डेकवर बाजार मांडला गेला. लाकडात कोरलेले शार्क, कासवं, बाउंटी जहाजाच्या प्रतिकृती, विणलेल्या टोपल्या, मध, टपाल तिकिटं, टीशर्ट. पासपोर्टवर पिटकेर्नचा शिक्काही तिथेच मिळाला. एका आजींशी मी अर्धा तास बोलत होते. मुलं शिकायला न्यूझीलंडला जातात आणि परत येत नाहीत, हे त्या सांगत होत्या. आमच्या गावचीच गोष्ट होती ती, फक्त न्यूझीलंडच्या जागी मुंबई.

दुसऱ्या खेपेला बेट पायांनी पाहिलं. पण माणसांशी जेवढं बोलणं झालं ते पहिल्याच खेपेला. डेकवरच्या त्या बाजारात शेवटपर्यंत थांबा, पहिल्या दहा मिनिटांत शिक्का घेऊन केबिनमध्ये परतू नका.

बाउंटीच्या बंडाची गोष्ट थोडक्यात सांगाल का?

गोष्ट एका फळापासून सुरू होते. कोकण-गोव्यात आपण ज्याला नीरफणस म्हणतो आणि ज्याच्या कापा तळतो, तेच फळ. कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांत गुलामांना स्वस्तात खाऊ घालता यावं म्हणून ताहितीहून नीरफणसाची रोपं न्यायला ब्रिटिशांनी 'बाउंटी' हे जहाज पाठवलं. कॅप्टन होता विल्यम ब्लाय. रोपं घेऊन निघाल्यावर २८ एप्रिल १७८९ रोजी फ्लेचर ख्रिश्चनच्या पुढारपणाखाली बंड झालं. ब्लाय आणि त्याच्या बाजूच्या १८ जणांना एका उघड्या होडीत सोडून देण्यात आलं. ब्लायने ती होडी सहा हजारांहून जास्त किलोमीटर हाकून तिमोरला पोचवली.

बंडखोरांना लपायला जागा हवी होती. पिटकेर्न १७६७ मध्ये एका ब्रिटिश जहाजाला दिसलं होतं आणि ते पहिल्यांदा पाहणाऱ्या पोरसवदा नाविकाचं नाव त्याला मिळालं होतं. पण नकाशावर त्याची जागा चुकीची नोंदवली गेली होती. लपण्यासाठी यापेक्षा चांगलं काय! जानेवारी १७९० मध्ये ख्रिश्चन, आठ साथीदार, सहा पॉलिनेशियन पुरुष, दहा-बारा पॉलिनेशियन स्त्रिया आणि एक तान्हं बाळ इथे उतरले. २३ जानेवारीला त्यांनी जहाज पेटवून दिलं. आजही त्या तारखेला बेटावर बाउंटीची प्रतिकृती जाळतात.

पुढचा भाग पर्यटनाच्या पत्रकांत फारसा नसतो. इंग्रजांनी जमीन आपसात वाटून घेतली, पॉलिनेशियन पुरुषांना काहीच दिलं नाही, बायकाही वाटून घेतल्या. १७९३ मध्ये रक्तपात झाला, त्यात ख्रिश्चन मारला गेला आणि पॉलिनेशियन पुरुषही उरले नाहीत. १८०८ मध्ये 'टोपाझ' हे अमेरिकन जहाज अचानक इथे पोचलं, तेव्हा बंडखोरांपैकी एकटा जॉन ॲडम्स जिवंत होता. बाकी सगळ्या बायका आणि मुलं.

या बेटावरचा समाज उभा केला तो त्या बायकांनी. मुलं त्यांनी वाढवली, जमिनीखालच्या भट्टीत अन्न शिजवायची रीत त्यांची, झाडाच्या सालीपासून तापा नावाचं कापड कुटून तयार करणाऱ्या त्याच. त्यांच्यातली मौआतुआ १८४१ पर्यंत जगली, तेराउरा १८५० पर्यंत. त्या पहिल्या पिढीतली ती शेवटची. मौआतुआने केलेल्या कापडाचे तुकडे आज संग्रहालयांत आहेत. ख्रिश्चनचं नाव सगळ्यांना माहीत असतं. बेटावर जाल तेव्हा ही दोन नावंही सोबत न्या.

म्हणजे बंडखोरांच्या आधी हे बेट निर्मनुष्य होतं?

ते आले तेव्हा निर्मनुष्य होतं, पण त्याआधी काही शतकं इथे पॉलिनेशियन वस्ती होती. बंडखोरांना देवस्थानांचे दगडी चौथरे आणि दगडी हत्यारं सापडली. दक्षिणेच्या कड्याखाली 'डाउन रोप' नावाच्या जागी खडकावर कोरलेली चित्रं अजून आहेत. या बेटावरचा दगड तासण्याच्या हत्यारांसाठी उत्तम होता. तो होड्यांतून मांगारेवा आणि हेंडरसन बेटांपर्यंत जायचा आणि तिकडून शिंपले यायचे. आपण ज्याला जगाचं टोक म्हणतो ते त्या दर्यावर्दींच्या नेहमीच्या वाटेवरचं गाव होतं. पुढे ही देवाणघेवाण थांबली आणि वस्ती उठली.

आज तिथे कोण राहतं? कोणती भाषा बोलतात?

बहुतेक जण त्याच बंडखोरांचे आणि ताहितीच्या स्त्रियांचे वंशज. ख्रिश्चन, यंग, वॉरन, ब्राउन ही आडनावं अजून ऐकू येतात. १८५६ मध्ये जागा अपुरी पडू लागली म्हणून सगळ्यांना ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या नॉरफोक बेटावर हलवलं होतं. काही वर्षांतच काही कुटुंबं गावाच्या ओढीने परतली, आजची वस्ती त्यांची. बायकांना मतदानाचा हक्क इथे १८३८ मध्येच मिळाला.

आपसात ते पिटकेर्न भाषा बोलतात. अठराव्या शतकातली इंग्रजी आणि ताहितीची भाषा यांच्या मिश्रणातून ती तयार झाली. पाहुण्यांशी साधी इंग्रजी बोलतात.

चार-पाच तासांत काय काय पाहता येतं?

गावच्या चौकात बाउंटीचा नांगर आहे, तिथून सुरुवात करा. संग्रहालयात जहाजाची तोफ आहे. जॉन ॲडम्सची कबर जवळच. ज्याची कबर माहीत आहे असा तो एकमेव बंडखोर. वर कड्यात ख्रिश्चनची गुहा दिसते, चढ तीव्र आहे, वेळ आणि दम दोन्ही असेल तरच जा. पूर्वेला सेंट पॉल्स पूल हा खडकांतला नैसर्गिक डोह आहे. पाण्याचा रंग अप्रतिम, पण लाट असेल तर आत उतरू नका. गॅलापागोसहून आणलेलं टर्पेन नावाचं प्रचंड कासव भेटलं तर नशीब. आम्हाला नाही भेटलं.

सगळं पाहायच्या नादात धावू नका. आम्ही गुहा सोडली आणि एका घराच्या ओट्यावर बसून केळी खाल्ली. मागे अळूची पानं, नारळ, पपई. परसदार अगदी वेंगुर्ल्याचं वाटत होतं.

काय विकत घ्यावं? पैसे कोणते न्यावेत?

चलन न्यूझीलंडचा डॉलर, अमेरिकन डॉलरही चालतो. सुट्या नोटा न्या, कार्डावर विसंबू नका.

मध नक्की घ्या. इथल्या मधमाश्या रोगमुक्त म्हणून नावाजलेल्या आहेत. मात्र परतीच्या वाटेवर न्यूझीलंड लागणार असेल तर मधाबद्दलचे तिथले नियम आधी बघा. कोरीवकामासाठी वापरतात ते मिरो नावाचं लाकूड. हे झाड म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा पारस पिंपळ, कोकणात त्यालाच भेंड म्हणतात. पिवळ्या फुलांचं हे झाड आमच्या शाळेच्या कुंपणाला होतं, त्यामुळे ते लाकूड हातात घेतल्यावर काय वाटलं ते सांगता येत नाही. पिटकेर्नवर मिरो फारसं उरलेलं नाही, बेटकरी ते आणायला होडीने हेंडरसनपर्यंत जातात. किमतीत घासाघीस करू नका. त्या शार्कमागे समुद्रावरचे कित्येक तास आहेत.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

जहाजावर अजिबात नाही, आधी कळवलं की सोय होते. बेटावर फळं मुबलक. घरून न्यायच्या खाऊबद्दल मात्र सावध राहा: मध, ताजी फळं, बिया, झाडांचे भाग यांतलं काहीही बेटावर नेऊ नका. बाहेरचा एक रोग आला तर तिथल्या मधमाश्या संपतील. बुटांच्या तळव्यांची मातीही उतरण्याआधी साफ करावी लागते.

बोट लागते का?

ज्यांना मांडव्याच्या फेरीतही लागते त्यांना इथे लागणारच. डॉक्टरांना विचारून गोळ्या न्या आणि त्रास सुरू व्हायच्या आधी घ्या. केबिन जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर मागा. आल्याच्या वड्यांनी मला फार आधार दिला.

कोणत्या महिन्यांत जावं?

आपल्या उलट ऋतू. बहुतेक क्रूझ तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे साधारण ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये असतात. पाऊस कधीही येतो. पिण्याचं पाणी घराच्या छपरावरून टाक्यांत साठवलेलं असतं, त्यामुळे पाहुण्याची सहल बिघडवणाऱ्या पावसाने बेटकरी खूश होतात.

जहाज शनिवारी पोचलं तर?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सगळं बेट सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथात गेलं आणि शनिवार हा विश्रांतीचा वार झाला. आता पूर्वीइतकं कडक नाही, तरी त्या दिवशी खरेदी-विक्रीचा आग्रह धरू नका.

तिथल्या अत्याचारांच्या खटल्यांबद्दल ऐकलं होतं, ते खरं आहे का?

खरं आहे. २००४ मध्ये बेटावरच्या मुलींवरील लैंगिक अत्याचारांचे खटले चालले आणि सहा पुरुष दोषी ठरले. एवढ्याशा वस्तीत त्याने काय झालं असेल याची कल्पना करा. ही माहिती लपवून बेटाचं गोड चित्र रंगवणं त्या मुलींवर अन्याय होईल, म्हणून लिहिलं. मात्र समोर भेटलेल्या माणसाला कुतूहलापोटी याबद्दल विचारू नये. ज्यांनी सोसलं त्यांच्याच आया-मावश्या तुमच्यासमोर टोपल्या मांडून बसलेल्या असू शकतात.

बाकीची तीन बेटंही दिसतात का?

हेंडरसन, ओएनो आणि डूसी. तिन्ही निर्मनुष्य, काही एक्स्पिडिशन जहाजंच परवानगी काढून तिथे जातात. हेंडरसन १९८८ पासून जागतिक वारसास्थळ आहे. जगात दुसरीकडे कुठेच नसलेले चार जातींचे भूचर पक्षी तिथे आहेत. आणि तिथेच, जिथे माणूस राहत नाही, किनाऱ्यावर प्लास्टिकचा खच पडलेला आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्या एका बेटावर सुमारे तीन कोटी ऐंशी लाख तुकड्यांचा अंदाज केला. सागरी प्रवाहांनी जगभरातून आणून टाकलेले. २०१६ मध्ये या बेटांभोवतीचा आठ लाख चौरस किलोमीटरहून मोठा समुद्र संरक्षित केला गेला. मासेमारी त्याने थांबते, बाटल्यांची टोपणं थांबत नाहीत.

वैद्यकीय सोय काय आहे?

बेटावर दवाखाना आणि एक डॉक्टर. शस्त्रक्रियेची वेळ आली तर समुद्रावरचे दीड-दोन दिवस आणि मग विमान. आणीबाणीत हलवण्याचा खर्च भरून देणारा प्रवास विमा काढल्याशिवाय घरातून निघू नका.

तिथून पाठवलेलं पोस्टकार्ड खरंच पोचतं का?

पोचतं. पिटकेर्नची स्वतःची टपाल तिकिटं १९४० पासून निघतात आणि बरीच वर्षं बेटाच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्यांच्यातूनच यायचा. पण टपाल पुढचं जहाज येईल तेव्हाच निघतं. आम्ही दुसऱ्या खेपेला स्वतःच्याच पत्त्यावर एक कार्ड टाकलं होतं. घरी येऊन महिने झाले, आम्ही ते विसरूनही गेलो. मग एका दुपारी पोस्टमन बेल वाजवून म्हणाला, "काकू, हे तिकीट कुठलं हो? आमच्या ऑफिसात कुणी पाहिलं नव्हतं." त्याला आत बोलावून चहा दिला आणि नकाशा काढला.